पंगत उठल्यावर

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२० जानेवारी २०२६

प्रिय कांता,

प्रभूच्या नावाने तुला, शांतारामरावांना आणि रिंकूला ताईचा सलाम. इकडे सगळे बरे आहेत, तुम्हीही खुशाल असाल.

पाकीट बघून हसशील. म्हणशील, ताईला हे काय खूळ लागलं, मोबाइल असताना पोस्टाचं पत्र! पण काय करू बाई, तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवरचे माझे निरोप जागच्या जागी अडकून बसलेत. शिवांगी म्हणाली, "आई, मावशीने तुला ब्लॉक केलंय यार." मी तिच्यावर खेकसलेच. म्हटलं, कांता असलं काही करायची नाही, फरीदाबादला नेटवर्कची बोंब असेल.

थंडीने यंदा जीव नकोसा केलाय. नवीन टॉवरमधलं क्वार्टर दिसायला झकास, पण आमच्या बाजूला ऊन येत नाही. तुझ्या दाजींचा खोकला जात नाही आणि औषध घ्या म्हटलं की चिडतात. मिनिस्ट्रीत फायली चाळून चाळून स्वभावच तसा झालाय, कशावरही लगेच सही करायची नाही.

एक आनंदाची बातमी. शिवांगीचं जमतंय! त्या रविवारी आपल्याकडे उपासनेला द्वारकेचं कुटुंब आलं होतं ना, धैर्यशील आणि त्याचे आईवडील, त्यांनी होकार कळवला. पाहण्याचा कार्यक्रम असा केलाच नाही. उपासनेला या, जेवा, मुलं आपसात बोलतील, एवढंच ठरलं होतं. मुलगा विमानतळावर चांगल्या नोकरीत आहे, आणि मुख्य म्हणजे मराठी आणि आपल्यासारखाच ख्रिस्ती. दिल्लीत असं स्थळ मिळायचं म्हणजे नशीब लागतं. तुला पहिलं सांगायचं होतं, पण फोन लागेल तर ना.

त्या दिवशी तुमची जरा आबाळ झाली, याची चुटपूट लागून राहिलीय. आयएनए मार्केटच्या मटणवाल्याने वजनात मारलं, माणसं वाढली, आणि तुम्ही येईपर्यंत हंडी खाली झाली. आत बसायला जागा नव्हती, आणि मागच्या बाल्कनीत थोडं ऊन तरी मिळेल म्हणून तुम्हाला तिथे बसवलं. पाळकसाहेबांची थट्टा मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना सगळ्यांचीच टिंगल करायची सवय आहे. धुकं होतं, उशीर व्हायचाच.

माझा बायबलचा अभ्यास मात्र तुला ऐकायला मिळाला नाही! यंदा पाळकसाहेबांनी मला सांगितलं होतं, पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं त्यामागची पार्श्वभूमी सांगा. मी महिनाभर वाचत होते. अगं, काय शहर होतं ते! दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर, दोन्हीकडे बंदरं. रोमी फौजेने ते एकदा पार उद्ध्वस्त केलं, शंभरेक वर्षं ओसाड पडलं. मग कैसराने ते नव्याने वसवलं, आणि तिथे राहायला कोणाला धाडलं, तर रोममधल्या गोरगरिबांना आणि सुटका झालेल्या गुलामांना. म्हणजे जुनं घराणं कुणाचंच नाही, सगळे बाहेरून आलेले. अगदी आपल्या दिल्लीसारखं. पौल तिथे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरायचा. नंतर तो इफिसला गेला, तेव्हा ख्लोवे नावाच्या बाईकडची माणसं त्याच्याकडे आली आणि त्यांनी मागे मंडळीत काय चाललंय ते त्याच्या कानावर घातलं. मी लॅपटॉपवर रोमी घराचा नकाशासुद्धा दाखवला. धैर्यशीलची आई म्हणाली, "किती छान समजावून सांगता हो तुम्ही!"

पुढचा भाग त्यांच्या जेवणाबद्दलचा आहे. तो पुन्हा कधीतरी सांगेन, पत्र फार लांबलं.

आठ फेब्रुवारीची उपासना द्वारकेला, त्यांच्याच घरी आहे. याल ना? मागच्या रविवारी गाण्याच्या सरावाला तुम्ही कुणीच नव्हता, ढोलकीशिवाय गाणी अगदी मिळमिळीत झाली. रागावली नाहीस ना माझ्यावर? रागवायसारखं काही झालेलंही नाही म्हणा.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी कुमुदताई


फरीदाबाद
२९ जानेवारी २०२६

ती. ताईस कांताचा सलाम.

पत्र पोचलं. शिवांगीचं जमलं, वाचून बरं वाटलं. पोरगी गुणाची आहे, सुखात राहील. दाजींना अडुळशाचा काढा दे. दोन दिवस कुरकुर करतील, मग घेतील.

त्या दिवशी उशीर आमचाच झाला. लाजपत नगरला गाडी बदलताना चुकलो, ते सगळ्यांसमोर सांगितलंच होतं. तुझी काही चूक नाही. जेवण भरपूर झालं.

इथून पुढं यायला जमेल असं वाटत नाही. यांची ड्यूटी रविवारची पण लागते. कंपनीपासून जवळच हिंदी मंडळी भरते, चालत जाता येतं. तिथंच जातो आता. रिंकूला मराठी गाणी येतात, ती घरी म्हणते.

तुझ्याकडे राहिलेला पितळी डबा माझ्या सासूबाईंचा आहे. कुणी येणारं-जाणारं असलं तर पाठव. रिकामाच पाठव.

कांता


लक्ष्मीबाई नगर
३ फेब्रुवारी २०२६

कांते,

सलाम लिहिते. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटायला आलंय. रागाचा एक शब्द नाही त्यात. "जेवण भरपूर झालं" म्हणे! काय भरपूर झालं गं? तळाचा रस्सा आणि खरवडून काढलेला भात. शांतारामराव खाली मान घालून जेवले आणि रिंकूने नुसता भात कालवला. त्यापेक्षा मला चार शिव्या हासडल्या असत्यास तर परवडलं असतं. लहानपणी माझी वेणी ओढून भांडणारी कांता कुठे गेली?

आणि ते "रिकामाच पाठव". मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. आपल्या घरात शेजारणीची वाटी कधी रिकामी परत गेली का? घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून जायची. तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस, तेव्हापासून एका चुलीवर वाढलो आपण. मावसबहीण हा शब्द लोकांसाठी, मला तर तू पाठचीच. आणि तू मला लिहितेस, रिकामाच पाठव. म्हणजे आता माझ्याकडून तुला चिमूटभर साखरसुद्धा नको.

डबा घासून ठेवलाय. खरं सांगायचं तर तो त्या दिवशी उघडलाच नाही. "ताई, तुला आवडतात म्हणून हुलग्याची शेंगोळी केलीत," असं म्हणून तू तो माझ्या हातात दिलास. मी तो फ्रिजच्या मागच्या फळीवर सरकवला. विसरले नाही. सरकवला. कारण धैर्यशीलची आई टेबलाशी उभी होती, आणि शेंगोळी म्हणजे आपलं हलाखीतलं खाणं, ते तिथे कसं मांडू, असं झालं मला. बुधवारी वास सुटला तेव्हा काढला. टाकून दिली सगळी. पहाटे उठून वळली असशील तू, एकेक करून.

मटणवाल्याला उगाच बोल लावला. त्याने वजन चोख दिलं होतं. द्वारकेच्या मंडळींना मीच आग्रह कर-करून वाढलं. जागा नव्हती हेही खोटं. हॉलमध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरींखाली तुम्ही कुडकुडत जेवलात. म्हणे ऊन मिळेल! एका पत्रात धुकंही लिहिलं आणि ऊनही. वाचून तू मनात म्हणाली असशील, ताईला धड खोटंही बोलता येत नाही.

आणि मग ती बाई जायला निघाली तेव्हा बाल्कनीकडे बघून म्हणाली, "या कोण?" मी म्हटलं, "आमच्या मंडळीतल्या आहेत, फरीदाबादच्या." दार उघडं होतं, तू ऐकलंस. रिंकूने शिवांगीला फोनवर विचारलं, "ताई, मोठी मावशी आईला बहीण का नाही म्हणाली?" शिवांगीने ते मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. करिंथची बातमी पौलाला ख्लोवेच्या माणसांनी दिली, मला माझ्याच घरातली बातमी पोरींनी दिली.

आता तो जेवणाचा भाग सांगते. गेल्या पत्रात मुद्दाम टाळला होता.

करिंथला मंडळी जमायची ती कुणातरी पैसेवाल्याच्या घरी, चर्चची इमारत तेव्हा कुठली. अभ्यासक सांगतात की अशा घरात आतल्या जेवणघरात नऊ-दहा माणसं मावत, बाकीची बाहेर अंगणात. रोमी लोकांची रीतच होती, जसा पाहुणा तसं ताट. खाऊनपिऊन सुखी असलेले लवकर येऊन जेवायला बसत. गुलाम, हमाल, धक्क्यावरचे मजूर यांना कसली आलीय रविवारची सुट्टी? मालकाचं काम उरकून ते पोचेपर्यंत ताटं पुसलेली. प्रभूच्या नावाने जेवण, आणि त्यात एक उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र! पौल जो भडकला तो यावर. त्याने खडसावलं की तुम्हाला खायला-प्यायला आपापली घरं नाहीत का, आणि जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

हे सगळं मी त्या दिवशी उभी राहून सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. "कालचे गुलाम आज जरा वर आले की त्यांना मानाची भूक सगळ्यात जास्त," असंही म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी बोलत होते आणि माझा डोळा घड्याळावर होता. कारण तुम्ही इतक्यात येणार नाही हे मला माहीत होतं.

कांता, करिंथच्या श्रीमंतांनी निदान कुणाला खोटी वेळ तरी सांगितली नव्हती.

आदल्या दिवशी तुला फोन केला तो मी. "उद्या एक वाजता हं, पाळकसाहेबांची सकाळी दुसरीकडे उपासना आहे." त्यांची कुठेही दुसरी उपासना नव्हती. बाकी सगळ्यांना साडेदहा सांगितलं होतं. माझा हिशोब असा की द्वारकेचे लोक जेवून साडेबारापर्यंत निघतील आणि मग तुम्ही याल. शांतारामराव कंपनीचा शर्ट घालून येतात, ढोलकी घेऊन खच्चून गातात, तू हेल काढून बोलतेस. त्या बाईसमोर मला ते नको होतं. नको होतं, हेच खरं आहे. ती माणसं गप्पांत रमली, निघालीच नाहीत. आणि बरोब्बर सांगितलेल्या वेळी तुम्ही दारात.

पाळकसाहेब म्हणाले, "आली फरीदाबादची गाडी, नेहमीप्रमाणे लेट!" सगळे हसले. टेबलावरची उष्टी ताटं बघून तू माझ्याकडे पाहिलंस. तुला तिथल्या तिथे कळलं. एक शब्द बोलायचा होता, "ताईनेच एक सांगितलं." झालं असतं माझं वाटोळं, आणि तेच व्हायला हवं होतं. पण तू हसलीस आणि म्हणालीस, "लाजपत नगरला गाडी बदलताना चुकलो हो, उलटीकडं गेलो, माफ करा." इतकी वर्षं त्या लाइनवरून येतेस तू! झोपेतसुद्धा चुकणार नाहीस. माझी लाज झाकायला तू स्वतःला अडाणी करून घेतलंस, सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर, पोरीसमोर. आणि मी काय केलं? मीही हसले. त्यांच्यात मिसळून हसले.

आपले आजोबा आठवतात का गं? गावात लग्न असलं की ते आणि त्यांचे भाऊबंद वेशीबाहेर बसून राहायचे. पंगती उठल्या, सगळ्यांचे हात धुऊन झाले, की हाक यायची, या रे आता, उरलंसुरलं न्या. मिशनच्या प्रीतिभोजनात त्यांना पहिल्यांदा चारचौघांच्या पंगतीत बसवलं. कुणी विचारलं की म्हणायचे, "बाप्तिस्मा का घेतला? मला शास्त्र काय कळतंय. मला वेळेवर जेवायला बोलावलं, म्हणून घेतला." आपण दोघी फिदीफिदी हसायचो. त्या म्हाताऱ्याच्या नातीला पंगत उठल्यावर बोलावलं ते परक्या कुणी नाही, गावच्या पाटलाने नाही. त्याच्याच दुसऱ्या नातीने. माझी मलाच शिसारी येते.

तुला माफ कर म्हणणं सोपं आहे. बंद पाकिटात कुणीही म्हणेल. पण फरीदाबादवाले नेहमी उशिरा येतात हा शिक्का मी तुमच्यावर सगळ्यांसमोर बसू दिला, तो पाकिटात कसा पुसणार?

त्या काळी पत्र म्हणजे खासगी नसायचं. पौलाचं पत्र अख्ख्या मंडळीसमोर मोठ्याने वाचलं जाई. जे आधी जेवले ते आणि जे उपाशी राहिले ते, एकाच घरात बसून ऐकत असतील. काय तोंडं झाली असतील त्यांची! आणि पुढच्या वेळी ते एकमेकांसाठी थांबले की नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही. मी खूप शोधलं.

या पत्राची एक प्रत मी काढून ठेवलीय. रविवारी द्वारकेला अभ्यासाची वेळ मीच मागून घेतलीय. पाळकसाहेब समजतायत करिंथचा दुसरा भाग आहे. आहेच तो. त्या घरात, त्या बाईसमोर, मी हे पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचणार आहे.

तुझे दाजी म्हणाले, "पागल झालीस का? सोयरीक मोडेल." मोडेलही. शिवांगीला मुलगा आवडलाय, मला दिसतं ना ते. फोन वाजला की चेहरा उजळतो तिचा. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू वाच. त्यांना चालणार नसेल तर मला आत्ताच कळलेलं बरं." एवढं बोलून बाथरूममध्ये गेली आणि तोंड धुऊन बाहेर आली, डोळे लाल. तुझ्यासारखी आहे पोरगी. माझ्यासारखी नाही, देवाचे आभार.

तुम्ही या असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. आलात तर माझ्या शेजारी बसा, शांतारामरावांनी ढोलकी आणावी. नाही आलात तरी मी वाचणार, कारण ते तुम्हाला बोलावण्यासाठी नाही, तुमचं नाव तुम्हाला परत देण्यासाठी आहे. आणि तुमची वाट पाहिल्याशिवाय त्या घरात कुणी ताटावर बसणार नाही, हे मी दाराशी उभं राहून बघेन.

रविवार, आठ तारीख, द्वारका. सकाळी साडेदहा. हीच वेळ सगळ्यांना सांगितलीय. माझ्या शब्दावर विसंबू नकोस कांता, पाळकसाहेबांना फोन करून विचारून घे.

आजवर तुझी ताई म्हणवून घेतलेली,
कुमुदिनी